पासचा फॉर्म आणि आतला माणूस

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

ॲडमिशनचा सीझन आला की पेपरात रोज कटऑफ, कॅप राउंड (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी), फी ह्याच्याच बातम्या असतात, त्या पाहिजेतच, पण ॲडमिशन झाल्यावर पोराला काय काय मिळतं आणि ते मिळवायचं कसं ह्यावर फार कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितोय. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका कॉलेजात मी २८ वर्षं स्टुडंट सेक्शनला क्लार्क होतो. बोनाफाइड, टीसी, एसटी पासचे फॉर्म, स्कॉलरशिप, सगळं त्या एका खिडकीतून जायचं आणि खिडकीच्या आत मी बसलेलो असायचो.

एक पोरगा कायम आठवतो. एफवायला होता, फेब्रुवारीत परीक्षेचा फॉर्म भरायला आला आणि पैसे कमी पडले म्हणून बाजूला उभा राहिला. मी सहज विचारलं कसा येतोस रे, म्हणाला एसटीनं, तिकीट काढून. जूनपासून रोज जायला ३० आणि यायला ३०. मी म्हटलं अरे पास का नाही काढला, तर म्हणाला सर पास मुलींना असतो ना. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून पास फुकट असतो, त्याच्या बहिणीला तो होता, त्यामुळं त्याला वाटलं आपल्याला काहीच नसणार. खरं तर कॉलेजच्या पोरांनाही मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे महिन्याच्या भाड्यातला एक तृतीयांश भरायचा, सरळ हिशोब तीस दिवस फिरा आणि दहा दिवसांचे पैसे द्या. ह्या पोराचं महिन्याला २४ दिवस धरले तरी १४४० रुपये जात होते आणि पास होता ६०० चा! आठ महिने तो हे देत होता आणि त्याच्या आईची रोजंदारी किती ते मला माहीत होतं. खिडकीबाहेर नोटीस होती, 'पासचे फॉर्म कार्यालयात मिळतील' एवढीच, आणि ती मीच लावलेली. सवलत किती, कोणाला, काहीच लिहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी फॉर्म घेऊन वर्गावर जायला लागलो.

आता एसटीनं पास थेट शाळा कॉलेजात नेऊन द्यायची मोहीम काढलीय, फार चांगलं काम आहे, पण त्यासाठी कॉलेजनं पोरांची यादी वेळेत आगारात पाठवावी लागते. यादी अडली की पोरं परत स्टँडवरच्या लाईनीत, आणि त्यात पहिला तास जातोच.

दुसरी गोष्ट महाडीबीटीची, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलची. एक मुलगी दोन वर्षं सांगत होती सर माझी स्कॉलरशिप आलीच नाही, आणि पोर्टलवर बघितलं तर पैसे गेलेले दिसत होते. घरच्यांना वाटलं कॉलेजनं खाल्ले. शोधता शोधता कळलं की मोबाइलच्या दुकानात सिम घेताना अंगठा घेऊन त्यांनी कुठलं तरी खातं उघडून दिलेलं आणि आधार त्याला जोडलं गेलं. स्कॉलरशिपचे पैसे आपण फॉर्मवर कुठलंही पासबुक लावलं तरी आधारला जे खातं शेवटी लिंक झालंय त्यातच जातात, हे त्या पोरीला कोण सांगणार? पैसे तिथंच पडून होते, सगळे, एक रुपया कमी नाही. खात्री करायला पाच मिनिटं लागतात, आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघायचं, मोबाइलवर ओटीपी येतो, बँकेचं नाव दिसतं. प्रत्येक पालकानं हे फॉर्म भरायच्या आधी करावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. आणि फॉर्म भरला म्हणजे झालं असं नाही, तो आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो, तिथून पुढं खात्याकडं जातो, मधे त्रुटी निघाली की परत पोराकडं येतो आणि पोरानं लॉगिन करून बघितलंच नाही तर तसाच पडून राहतो. दर आठ दिवसांनी बघत जा रे बाबांनो.

मुलींच्या फीचंही तसंच. ८ जुलै २०२४ च्या जीआरनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची पूर्ण ट्यूशन आणि परीक्षा फी माफ झालीय, आधी निम्मी होती. ॲडमिशन कॅपमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही, खासगी विद्यापीठांना नाही. तरी माझ्या नात्यातल्या एका मुलीकडून एका कॉलेजनं आधी पूर्ण भरा, शासनाकडून आले की परत देऊ असं सांगून फी घेतली. बापानं सोसायटीतून कर्ज काढून भरली. माफी असताना कर्ज, आणि व्याज त्यांनी द्यायचं, हे कुठल्या न्यायात बसतं?

पोरगं बाहेरगावी शिकायला गेलं आणि सरकारी वसतिगृहात नंबर नाही लागला तरी मार्ग आहेत. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध पोरांना स्वाधार योजना आहे, खोली, जेवण आणि वरखर्च धरून पुण्या-मुंबईत वर्षाला ६० हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. आदिवासी पोरांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. नावं लांबलचक आहेत, खाती वेगवेगळी, अटी वेगळ्या, पोरं गोंधळतात ह्यात त्यांची काही चूक नाही. रेल्वेचा पास कॉलेजच्या सहीच्या फॉर्मवर निम्म्यात मिळतो, सुट्टीत घरी जायलाही सेकंड आणि स्लीपरला निम्मं भाडं आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या पोरांना तर ७५ टक्के सूट. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यात परीक्षा फी माफ असते. ह्यातलं किती पोरांना माहीत असतं?

आणि जे माहीत असतं ते मागायची लाज वाटते, मला सगळ्यात जास्त हेच लागतं. कमवा शिकाचा, म्हणजे कॉलेजातच काम करून शिकायच्या योजनेचा फॉर्म मागायला पोरं ऑफिस रिकामं व्हायची वाट बघत थांबायची. अरे हा कर्मवीर अण्णांचा जिल्हा! काले गावात १९१९ ला रयत शिक्षण संस्था सुरू झाली, बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, तिथं राबून शिकणं ही मानाची गोष्ट होती आणि आज लायब्ररीत पुस्तकं लावताना मित्रांनी बघितलं तर काय म्हणतील म्हणून पोरगं ते सोडून देतं. आपण मोठ्यांनीच कुठंतरी त्यांना तसं वाटायला लावलंय. मन लागत नाही, झोप येत नाही हे तर पोरं त्याहून बोलत नाहीत. त्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. आयकार्डच्या मागं कॉलेजचा पत्ता छापतो तसा हा नंबर छापायला किती खर्च येणार आहे?

प्राचार्य मंडळींना आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी विकासवाल्यांना माझं एवढंच सांगणं आहे की ॲडमिशनच्या दिवशी फी च्या पावतीबरोबर एक कागद द्या. साध्या मराठीत, कोणाला काय मिळतं, कुठला दाखला लागतो, शेवटची तारीख काय आणि ऑफिसात कोणाला भेटायचं त्या माणसाचं नाव. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून यायला वेळ लागतो हे आधी कळलं तर पोरं तो मे महिन्यातच काढून ठेवतील. आणि लेक्चर सुटायच्या आत खिडकी बंद करू नका, लांबची पोरं साडेचारच्या गाडीच्या धास्तीत असतात, त्यांना 'उद्या या' म्हटलं की ती परत येत नाहीत.

आम्ही तिघं निवृत्त क्लार्क मिळून तसा कागद तयार करतोय. आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही कॉलेजनं टेबल टाकायला जागा दिली तर ॲडमिशन संपेपर्यंत रोज येऊन बसायची आमची तयारी आहे, मानधन वगैरे काही नको.

आपला,
एक निवृत्त क्लार्क, जि. सातारा