ठाण्याच्या रोजगार केंद्रातल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

गणपतीच्या पंधरा दिवस आधी माझी रबाळ्याची नोकरी गेली. बारा वर्षं औषधांच्या पॅकिंगला होते. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि सासरे म्हणाले, "एक्स्चेंजमध्ये नाव घालून ये." त्यांच्यासाठी तुमचं रोजगार केंद्र अजून एक्स्चेंजच. तुमच्या पाटीवर आता कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असं लांबलचक नाव आहे. मी दहावीची मार्कशीट आणि कामावरून कमी केल्याचं पत्र घेऊन आले होते.

तुम्ही ते पत्र वाचलंत आणि पहिलाच प्रश्न विचारलात, "राजीनामा लिहून दिला नाहीत ना?" नव्हता दिला. माझ्याबरोबरच्या दोघींनी सांगितल्याबरोबर सही करून टाकली होती. मग तुम्ही माझी पगाराची स्लिप पाहिलीत, त्यात ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात होती. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना हे नाव मी तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या मजुरीच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त 90 दिवस, आणि आयुष्यात एकदाच. आधी ते 25 टक्के होते, 2020 पासून 50 झाले. दर महिन्याला पैसे कापले जायचे, पण हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

माझी धाकधूक हजेरीची होती. सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी डिसेंबर-जानेवारी मी बिनपगारी घरी होते. तुम्ही स्लिपा टेबलावर ओळीने मांडल्यात आणि ऑक्टोबर ते मार्चचे दिवस पेन्सिलीने मोजलेत. योजनेसाठी त्या सहा महिन्यांत पगाराचे निदान 78 दिवस लागतात, माझे 101 भरले. "अर्ज इथे नाही, ईएसआयच्या शाखा कार्यालयात. नोकरी जाऊन 30 दिवस झाले की लगेच करा," असं सांगून कोणते कागद न्यायचे तेही लिहून दिलंत. ते कार्यालय वेगळं, खातं वेगळं. तुम्ही "इथलं काम नाही" म्हणाला असतात तरी मला राग आला नसता. दिवाळीच्या आत पहिले पैसे खात्यात आले. सगळे मिळून साधारण 23 हजार. मुलीची क्लासची फी त्यातूनच भरली.

महास्वयम या सरकारी रोजगार पोर्टलवर नाव नोंदवताना अनुभवाच्या रकान्यात मी "हेल्पर" एवढंच सांगितलं. तुम्ही टायपिंग थांबवलंत. "सकाळी लाइन सुरू व्हायच्या आधी काय करता?" मी सांगत गेले. आधीच्या बॅचचं एकही लेबल, एकही गोळी लाइनवर राहिली नाही ना ते बघते. बॅच नंबर आणि एक्स्पायरीचा छाप तपासते. रेकॉर्ड भरते. नवीन मुलींना शिकवते. ते सगळं तुम्ही माझ्याच शब्दांत लिहिलंत आणि वर "लाइन क्लिअरन्स" असा शब्द घातलात. तो शब्द मी रोज उच्चारत होते. तो माझ्या नावापुढे लिहिता येतो हे मला ठाऊक नव्हतं.

पहिल्या रोजगार मेळाव्यात माझं काही झालं नाही. इंग्रजीत विचारलं आणि मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही फोन करून त्यांनी नेमकं काय विचारलं ते माझ्याकडून काढून घेतलंत आणि उत्तरं मराठीत पाठ करायला लावलीत. "मराठीत उत्तर द्यायची परवानगी मागा, त्यात कमीपणा नाही." तिसऱ्या मुलाखतीत मी तेच केलं.

मधल्या काळात एका ठेकेदाराने नोकरी लावायचे 5 हजार मागितले होते. देणारही होते मी, मंगळसूत्र गहाण टाकायचं ठरवलं होतं. "आमच्याकडे नोंदणीला एक रुपया लागत नाही, नोकरीसाठीही कोणाला देऊ नका," हे तुमचं बोलणं आठवलं म्हणून थांबले.

जानेवारीपासून मी महाप्याला पॅकिंग सुपरवायझर आहे. विटाव्याहून निघते, ठाण्याला लोकल पकडून घणसोलीला उतरते, पुढे शेअर रिक्षा.

आमच्याकडे पुढच्या महिन्यात पॅकिंगला सहा जणी घ्यायच्या आहेत. आमच्यासारख्या कंपनीने रिकाम्या जागा केंद्राला कळवायच्या असतात, हा कायदा तुम्हीच सांगितला होता. मी एचआरच्या साहेबांना तो सांगितला. जागा ते तुमच्याकडे पाठवताहेत. राजीनाम्यावर सही केलेल्या त्या दोघीही सोमवारी नाव नोंदवायला येतील. त्याही स्वतःला हेल्परच म्हणतील.

आपली,
विटाव्याची एक नोंदणीधारक