एचएसए घेण्याआधी

8 नोव्हेंबर 2025

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले तुझ्या कंपनीच्या आरोग्य विम्याच्या दोन्ही प्लॅनचे कागद बारकाईने पाहिले. पीपीओचा, म्हणजे नेहमीच्या प्लॅनचा, हप्ता महिन्याला 550 डॉलर, डिडक्टिबल (विमा कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) 1,000. दुसऱ्याचा हप्ता 300, डिडक्टिबल 4,000, सोबत एचएसए (उपचारांसाठी करमुक्त पैसे साठवायचं खातं) आणि त्यात कंपनीचे वर्षाला 1,000. तो 4,000चा आकडा बघून तू बिचकलास. पण हिशेब मांडून बघ. हप्त्यात वर्षाला 3,000 वाचतात, कंपनीचे धरून 4,000. डिडक्टिबल जास्त आहे ते 3,000नेच. वर्ष अगदी वाईट गेलं, तरी वर्षभरात आपल्या खिशातून जाणाऱ्या खर्चाची कमाल मर्यादा एचएसएवाल्यात 9,000, पीपीओत 6,000. फरक पुन्हा तेवढाच. म्हणजे कसंही झालं तरी एचएसएवाला प्लॅन निदान हजाराने स्वस्त. सगळीकडे असं नसतं हं. हप्त्यातला फरक महिन्याला शंभरच असता आणि कंपनी खात्यात काही टाकत नसती, तर डोळे मिटून पीपीओ घे म्हटलं असतं.

गोची होते ती जानेवारीत. एफएसएमध्ये (कंपनीमार्फत उघडायचं, आरोग्य खर्चाचं दुसऱ्या प्रकारचं खातं) वर्षभराची ठरवलेली रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. एचएसएमध्ये जेवढे जमा झाले तेवढेच. तुझा गुडघ्याचा एमआरआय जानेवारीत झाला तर खात्यात एका पगाराचे पैसे असतील आणि बिल मात्र पूर्ण येईल. म्हणून दोन-तीन हजार साध्या बचत खात्यात बाजूला ठेव. खिशातून भरलेस तरी पावती जपून ठेवायची आणि एचएसए भरला की तेवढे काढून घ्यायचे. फक्त खर्च खातं उघडल्यानंतरचा हवा. काढायला मुदत नाही, पाच वर्षांनीही चालतं. थर्मल कागदाची पावती वर्षात कोरी होते, तेव्हा फोटो त्याच दिवशी काढ.

2026साठी एचएसएत पैसे भरायची कुटुंबाची मर्यादा 8,750 आहे आणि कंपनीचे 1,000 त्यातच धरायचे. इथेच लोक हमखास चुकतात. जास्त भरले गेले आणि आयकर रिटर्नच्या मुदतीआत काढले नाहीत, तर जादा रकमेवर दरवर्षी 6 टक्के दंड. तुझ्या वाट्याचे 7,750 पगारातूनच कापून घे. बँकेतून स्वतः भरलेस तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या पगारावरच्या करांचे 7.65 टक्के वाचत नाहीत. तू आयकराच्या 22 टक्क्यांच्या टप्प्यात असशील तर फेडरल बाजूने वर्षाला 2,300च्या आसपास वाचतील. न्यू जर्सी मात्र एचएसए मानत नाही (कॅलिफोर्नियाही नाही), त्यामुळे राज्याचा कर त्या पैशांवर लागणारच. रिटर्नसोबत एचएसएचा फॉर्म 8889 भरायला विसरू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वहिनींनी त्यांच्या कंपनीत साधं हेल्थ एफएसए घेतलं, तर तुला एचएसएमध्ये पैसे टाकताच येत नाहीत. त्यातला एक डॉलरही तुझ्यावर खर्च केला नाही तरी नाही, कारण त्या खात्यातून तुझी बिलं भरता येतात एवढं पुरेसं आहे. मागच्या वर्षीची शिल्लक आपोआप पुढे ओढली गेली तरी तोच घोळ. त्यांच्याकडे फक्त दात-डोळ्यांपुरतं ‘लिमिटेड पर्पज’ एफएसए असेल तर ते खुशाल घ्यावं. चिरंजीवांच्या डे-केअरचं एफएसए वेगळं, त्याची काही आडकाठी नाही.

एमआरआयबद्दल. डॉक्टरांकडून सीपीटी कोड (बिलासाठी तपासणीला दिलेला ठरावीक क्रमांक) लिहून घे; कॉन्ट्रास्ट न देता केलेल्या गुडघ्याच्या एमआरआयचा 73721. तो कोड सांगून विमा कंपनीच्या नेटवर्कमधल्या दोन-तीन ठिकाणी भाव विचार, त्यात एक तरी हॉस्पिटलबाहेरचं इमेजिंग सेंटर असू दे. हॉस्पिटलमध्ये त्याच फोटोवर फॅसिलिटी फी चढते आणि डिडक्टिबल संपेपर्यंत तो सगळा भुर्दंड तुझ्याच खिशाला. प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे आगाऊ मंजुरी, लागते का, हेही आधीच विमा कंपनीला विचार. नंतर घरी आलेलं बिल लगेच भरू नकोस. विमा कंपनीचं ईओबी (कोणी किती भरायचं ते सांगणारा कागद) येऊ दे. त्यातला ‘पेशंट रिस्पॉन्सिबिलिटी’चा, म्हणजे तू भरायचा, आकडा आणि बिलावरचा आकडा जुळला तरच पैसे द्यायचे. नाही जुळला तर आयटमाइज्ड (बाबवार) बिल मागायचं. रक्कम झेपत नसेल तर बिनव्याजी हप्ते विचारायला लाजू नकोस, बहुतेक हॉस्पिटलं देतात. क्रेडिट कार्डावर टाकण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

वर्षाची फुकट तपासणी ही आणखी एक मजा. तिथे सहज म्हणून गुडघा दुखतो असं बोललास, की डॉक्टर वेगळ्या ऑफिस व्हिजिटचं बिल लावू शकतात आणि ते डिडक्टिबलमध्ये जातं. बोलू नकोस असं नाही, बिल येईल हे धरून बोल.

काका-काकू उन्हाळ्यात येणार आहेत म्हणून लिहितो: भारतात राहणारे आईवडील इथल्या करासाठी सहसा अवलंबून धरले जात नाहीत, तेव्हा त्यांचा खर्च एचएसएतून करू नकोस. चुकीच्या खर्चाला पासष्टीच्या आत आयकर आणि वर 20 टक्के दंड. त्यांच्यासाठी व्हिजिटर इन्शुरन्सच घ्यावा लागेल, आणि आधीपासूनचा बीपी-शुगर त्यात कितपत धरतात ते वाचूनच. उलट तू पुण्यात जाऊन रूट कॅनाल करून आलास, तर तो खर्च मात्र चालतो. पावतीवर तारीख, तुझं नाव आणि कशाचे पैसे ते स्पष्ट हवं. त्या दिवशीचा डॉलरचा दर मागे लिहून ठेव. पुण्याहून बॅग भरून आणलेली औषधं मात्र यात बसत नाहीत.

तुमची प्लॅनची निवड 14 तारखेला बंद होते ना? त्याआधी वहिनींच्या पोर्टलवर एफएसएची शिल्लक किती दाखवतात ते बघ आणि मला कळव. ती शून्य नसेल तर आधी तिची व्यवस्था लावू, मगच तू तुझा फॉर्म भर.

काका-काकूंना नमस्कार, छोट्याला गोड पापा.

तुझा,
सुहास