टॉकबॅकवरच्या आवाजाचे आभार

आदरणीय सर,

अँकर व्हायला आलेल्या प्रत्येकाला तुम्ही आधी डेस्कवर बसवता, मग फिल्डवर पाठवता. त्यानंतर व्हॉइस ओव्हर, पहाटेचं बुलेटिन आणि फार उशिरा प्राइम टाइम. चेहरा बघून थेट खुर्ची देणारेही आहेत. तुम्ही तसं केलं नाहीत, म्हणून आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.

बाईट, म्हणजे कुणाच्या बोलण्याचे छोटे तुकडे, कापून कापून हात बसलेल्या अँकरला लाइव्हमध्ये पाहुण्याला कुठे थांबवायचं ते कळतं. स्वतः लिंक, म्हणजे अँकरने वाचायची बातमीची ओळख, लिहिणाऱ्याला वीस सेकंदांत चाळीसेक शब्दच बसतात हे ठाऊक असतं. साठ कोंबले की वेग वाढतो, वाक्याचा शेवट गिळला जातो, आणि मराठीत ‘नाही’ तर शेवटीच येतं! प्रॉम्प्टरवर, म्हणजे कॅमेऱ्यापुढच्या काचेवर सरकणाऱ्या मजकुरात, ३,४७,००,००० असं न लिहिता ‘तीन कोटी सत्तेचाळीस लाख’ लिहायचं, हेही तुमचंच. शून्यं मोजत वाचणारा हमखास अडखळतो.

प्रॉम्प्टर चालू असला तरी प्रत्येक बातमीनंतर हातातला कागद उलटायचा, ही सवय तुम्ही हट्टाने लावलीत. नाहीतर पाचव्या बातमीला समोरची काच कोरी होते आणि हातात पान पहिलंच असतं.

सगळ्यात अवघड टॉकबॅक, म्हणजे पीसीआरमधून (स्टुडिओच्या कंट्रोल रूममधून) कानात येणाऱ्या तुमच्या सूचना. तोंडाने एक बातमी चाललेली, कानात ‘पुढची ड्रॉप, फोनो तयार, दहा सेकंद’, म्हणजे पुढची बातमी गाळायची, फोनवरचा पाहुणा तयार आहे. नवखा अँकर वाचता वाचता थांबतो, नाहीतर ऑन एअर चक्क ‘हो’ म्हणतो. त्यावर तुमचा उपाय साधा: कानात एक रेकॉर्ड केलेलं बुलेटिन लावायचं आणि दुसरं मोठ्याने वाचायचं, रोज दहा मिनिटं. पण निम्मं श्रेय तुमच्या बोलण्याच्या पद्धतीला. मोजके शब्द, तेही शक्यतो वाक्य संपताना. चूक झाली तर कानात ओरडणं नाही. जे काही बोलायचं ते बुलेटिन संपल्यावर. घाबरलेल्या अँकरची पुढची बातमीही चुकते, हे पीसीआरमधल्या फार थोड्यांना उमगलेलं असतं.

आणि निधनाची बातमी. इतर चॅनेलच्या पट्टीवर काहीही फिरू दे, दुसऱ्या स्रोताकडून खात्री होऊन तुमचा ‘कन्फर्म’ कानात येईपर्यंत आमच्या तोंडून नाव निघत नाही. एखाद्या घरात ती बातमी खोटीच पहिल्यांदा पोचली असती, ते तुमच्यामुळे टळलं.

तुमच्या हाताखाली तयार झालेले,
आम्ही सगळे अँकर