राउटर लावण्याआधी मोडेम बंद करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातल्या इंटरनेटच्या सुरक्षिततेवर वर्तमानपत्रांतून हल्ली बरेच लिहून येते. त्यात ‘फायरवॉल असलेला राउटर लावा’ हा सल्ला हमखास असतो आणि तो योग्यच आहे. मोडेम इंटरनेट घरात आणतो, राउटर ते घरातल्या यंत्रांना वाटतो आणि फायरवॉल बाहेरून न मागता येणारा डेटा अडवते. पण लावायचा कसा, हे सहसा कोणी सांगत नाही आणि केबल मोडेमच्या बाबतीत नेमके तिथेच घोडे पेंड खाते. नवा राउटर येतो, वायरी खोचल्या जातात, दिवे सगळे लागतात आणि इंटरनेट मात्र येत नाही. मग धडधाकट राउटर ‘खराब निघाला’ म्हणून परत जातो आणि संगणक पुन्हा थेट मोडेमला जोडला जातो. साध्या मोडेममध्ये फायरवॉल नसते; त्याला जोडलेला संगणक बाहेरच्या जगाला उघडा असतो. २००३ मधला ब्लास्टर आणि २००४ मधला सॅसर हे वर्म (स्वतःहून पसरणारे घातक प्रोग्राम) अशाच उघड्या संगणकांत शिरले होते. कोणी काही उघडण्याची, कशावर क्लिक करण्याची त्यांना गरजच नव्हती.

इंटरनेट न येण्याचे कारण बहुतेक वेळा मोडेमच्या स्मरणशक्तीत असते. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक मॅक पत्ता, म्हणजे ओळख क्रमांक, असतो. मोडेम चालू झाल्यावर त्याच्या इथरनेट पोर्टवर जे यंत्र आधी बोलते, त्याचा मॅक पत्ता तो धरून ठेवतो. घरगुती जोडणीत बहुधा एकाच यंत्राला वाट द्यायची मुभा असते. काल संगणक होता, आज राउटर आला. मोडेमच्या लेखी तो परका. राउटर आयपी पत्ता (इंटरनेटवर लागणारा क्रमांक) मागत राहतो आणि त्याला कोणी दाद देत नाही. मोडेमची वीज तोडली की ही आठवण पुसली जाते. म्हणून सल्ला छापताना ‘मोडेम बंद करा’ हे शब्द त्याच वाक्यात छापावेत, अशी विनंती आहे.

बंद म्हणजे खरोखर बंद. टेलिफोनची सोय असलेल्या काही मोडेमच्या पोटात बॅटरी असते. भिंतीतला प्लग काढला तरी दिवे जळतच राहतात. अशा वेळी बॅटरीही काढावी लागते. एखादे मिनिट तसेच राहू द्यावे. तेवढ्यात केबलचा नट पाहून घ्यावा: मधली तांब्याची तार सरळ हवी आणि नट बोटांनी हलू नये इतका घट्ट हवा. मग मोडेमच्या इथरनेट पोर्टमधून निघालेली वायर राउटरच्या ‘वॅन’ (बाहेरची बाजू) किंवा ‘इंटरनेट’ असे लिहिलेल्या पोर्टात घालावी. आधी फक्त मोडेम चालू करायचा. तो अगोदर येणारा चॅनेल शोधतो, मग जाणाऱ्या सिग्नलची पातळी जुळवून घेतो, मग केबल कंपनीकडून स्वतःची सेटिंग उतरवून घेतो. याला दोन ते पाच मिनिटे सहज लागतात. ‘ऑनलाइन’ दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की राउटर आणि सर्वांत शेवटी संगणक. राउटरमध्ये जोडणीचा प्रकार ‘डीएचसीपी’ किंवा ‘आपोआप’ ठेवावा. पीपीपीओई निवडून नाव आणि पासवर्ड शोधत बसणारे बरेच असतात; केबल मोडेमला त्याची गरज सहसा नसते.

सर्वांत घातक चूक मात्र वेगळीच, कारण तिच्यात इंटरनेट चालू असते. मोडेमची वायर वॅनऐवजी लॅनच्या (घरातल्या यंत्रांसाठीच्या) एखाद्या पोर्टात गेली की राउटर निव्वळ स्विच, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारी साधी पेटी, म्हणून वागतो. फायरवॉल ही वॅन आणि लॅन यांच्या मधोमध असते. लॅनमधून लॅनमध्ये जाणारा डेटा तिच्या वाटेला जातच नाही. घरातले एखादे यंत्र छान चालते, बाकीची अडखळतात आणि ‘फायरवॉल लावली आहे’ असा समज तेवढा पक्का होतो. मोडेम आणि राउटर यांच्या मध्ये स्विच घालण्याचा प्रकारही याच जातीचा. पोर्ट कमी पडले तर स्विच राउटरच्या मागे लावावा. मोडेममधून एकच वायर निघावी आणि ती थेट वॅनमध्ये जावी.

एवढे करूनही इंटरनेट आले नाही, तर राउटरच्या स्थिती दाखवणाऱ्या पानावर वॅनचा आयपी पत्ता वाचावा. निम्मे निदान तिथेच होते. सगळी शून्ये दिसली तर मोडेम उत्तर देत नाही. वर सांगितलेली चालू-बंद पुन्हा, नीट क्रमाने करावी. पत्ता १९२.१६८.१०० ने सुरू होत असेल तर तो बहुधा मोडेमनेच तात्पुरता दिलेला असतो, कारण त्याला केबलवरचा सिग्नल पकडता आलेला नाही. बऱ्याच मोडेमचे स्वतःचे पान १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर उघडते (ब्राउझरमध्ये आकडे अर्थातच इंग्रजी टाकायचे). तिथे येणाऱ्या सिग्नलची पातळी उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या आसपास असली तर काळजी नाही. जाणाऱ्या सिग्नलची पातळी ५० च्या वर चढलेली असेल तर मोडेम घसा ताणून ओरडतो आहे असे समजावे. अशा ठिकाणी वाटेतले स्प्लिटर (एक केबल अनेक ठिकाणी वाटणारे जोड) मोजावेत: दोन तोंडांचा एक स्प्लिटर साधारण साडेतीन डेसिबल खातो. जुन्या टीव्हीसाठी कधीतरी लावलेला आणि आता नुसताच लटकणारा स्प्लिटर काढला तरी फरक पडतो.

वॅनचा पत्ता १९२.१६८.०, १९२.१६८.१ किंवा नुसत्या १० ने सुरू होत असेल, तर ज्याला आपण मोडेम म्हणतो तो बहुधा स्वतःच राउटर आहे. म्हणजे एकावर एक दोन राउटर. नुसते वाचायला-पाहायला हे चालून जाते. पण ऑनलाइन खेळ आणि बाहेरून कॅमेरा पाहणे अडते. त्या पेटीला ‘ब्रिज मोड’मध्ये टाकणे, म्हणजे तिचे राउटरचे काम बंद करून तिला नुसता मोडेम करणे, हा खरा उपाय. ते शक्य नसेल तर निदान दोन्हींचे आतले पत्ते वेगळे ठेवावेत, आपल्या राउटरला १९२.१६८.५०.१ दिला तरी पुरे. दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर कोणता डेटा आतला आणि कोणता बाहेरचा, हे राउटरला कळत नाही. पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यानचा असेल तर घरात दोष शोधू नये. अनेक ग्राहकांमागे एकच सार्वजनिक पत्ता वापरण्यासाठी कंपन्यांना राखून दिलेला हा पट्टा आहे.

वेग १०० मेगाबिटच्या आसपासच अडकत असेल तर आधी वायर बदलून पाहावी. गिगाबिटला (१००० मेगाबिटला) वायरीतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एक तुटली की जोडणी गुपचूप १०० वर येते आणि दोष मात्र कंपनीच्या माथी जातो.

राउटरची आतली कामे, म्हणजे व्यवस्थापकाचा पासवर्ड बदलणे, बाहेरून व्यवस्थापन, यूपीएनपी (यंत्रांना स्वतःहून बाहेरची वाट उघडू देणारी सोय) आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता वायफाय जोडण्याची सोय) बंद करणे, मोडेमची वायर लावण्याआधीच उरकावीत. फर्मवेअर (राउटरच्या आतला प्रोग्राम) इंटरनेट आल्यावर लगेच अद्ययावत करावे. आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत, हिच्याकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. जुन्या आयपीव्ही४ मध्ये सगळी यंत्रे एका पत्त्याआड लपतात आणि त्यालाच लोक फायरवॉल समजतात. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, तो आडोसा राहत नाही. म्हणून आयपीव्ही६ ची फायरवॉल चालू आहे ना, हे वेगळे पाहावे. उत्साहाच्या भरात आयसीएमपीव्ही६ (अडचणी कळवणाऱ्या निरोपांची व्यवस्था) मात्र सरसकट अडवू नये. ‘पॅकेट फार मोठे आहे’ हा निरोप त्यातूनच येतो आणि तो अडला की काही संकेतस्थळे अर्धीच उघडून थांबतात.

शेवटी फोनचे वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून ब्राउझरमध्ये आपल्या वॅनचा पत्ता टाकून पाहावा. काहीच उघडू नये. राउटरचे लॉगिनचे पान उघडलेच, तर बाहेरून व्यवस्थापनाचा पर्याय कुठेतरी अजून चालू आहे.

आपला,
एक नेटवर्क तंत्रज्ञ वाचक