वंशावळीत लेकींची नावे लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चतुर्थीला चाकरमानी घरी आले की अलीकडे आरती आणि भजनाच्या मधल्या वेळात वंशावळीचा विषय हमखास निघतो. कुणी मोबाइलवर झाड काढतो, कुणी मूळपुरुषाचे नाव विचारत गुरवाच्या दारी जातो. हौस चांगली आहे. पण अशा बहुतेक वंशावळी एकाच साच्याच्या असतात: बापाखाली मुलगे, मुलग्यांखाली नातू. लेकींच्या जागी फार तर ‘कन्या २’ एवढेच. मग दूरचे नातलग शोधायला तिचा काही उपयोग होत नाही. भाऊबंद मुळात हरवलेले नसतातच. देव एक, सुतक एक, गणपतीही बऱ्याच ठिकाणी एकच. हरवतात ती आत्यांची, पणजीच्या माहेरची आणि आजोबांच्या बहिणींची घरे. देवगडची लेक राजापुरात दिली, तिची लेक अलिबागला गेली, की तिसऱ्या पिढीत कुणी कुणाला ओळखत नाही.

म्हणून वही मांडतानाच प्रत्येक बाईसाठी चार रकाने ठेवावेत: माहेरचे नाव, सासरचे नाव, सासरचे गाव व वाडी, आणि सासरचे आडनाव. लग्नात नाव बदलायची रीत असल्याने माहेरची ‘चंद्रभागा’ आणि सासरची ‘सुनंदा’ ही एकच बाई आहे हे कागदावरून सहसा कळत नाही. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच ठाऊक असते. नुसते ‘आजीचे नाव काय’ असे विचारू नये. ‘आजीला माहेरी काय म्हणत, तिचे भाऊ कोण, मामाच्या गावाला कुठल्या वाटेने जायचे, लग्नात मामा कोण उभा होता’ असे विचारावे. आठवण तारखेला चिकटलेली नसते, प्रसंगाला चिकटलेली असते. साल हवे असेल तर घर कधी शाकारले, धाकट्याची मुंज की लग्न आधी, गिरणी संप झाला तेव्हा (१९८२) कोण किती मोठा होता, असे धरून मागे जावे.

घरातच एक तयार यादी असते आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे महालयाची यादी. वार्षिक श्राद्धात बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो. पितृपक्षातल्या महालयात त्यापुढे जाऊन आईकडच्या तीन पिढ्या, चुलते, मामा, आत्या, मावशी, बहिणी, सासरे यांचाही उच्चार होतो. ज्या घरात हे नीट चालते तिथे भटजींच्या वहीत किंवा देवघराच्या फळीवरच्या पिवळ्या कागदावर ही नावे गोत्रासह लिहिलेली सापडतात. आत्याचे गोत्र वेगळे लिहिलेले असते, म्हणजे ती कुठल्या घराण्यात दिली याचा पहिला धागा मिळाला. चतुर्थीनंतर दहा-बारा दिवसांत पितृपक्ष लागतोच. तेव्हा त्या कागदाचा फोटो काढून ठेवावा.

यानंतर सरकारी दप्तर. लोक सातबारा काढतात आणि तिथेच थांबतात. सातबारा आजची स्थिती सांगतो. नाते कळते ते फेरफारात, म्हणजे जमिनीवरची नावे का आणि कशी बदलली त्याच्या नोंदीत. सातबाऱ्यावर कंसात टाकलेली नावे म्हणजे पूर्वीचे खातेदार, आणि जवळ वर्तुळात लिहिलेला आकडा म्हणजे फेरफार क्रमांक. एकेक आकडा धरून मागे जायचे. वारसाच्या फेरफारात ‘अमुक मयत, वारस पुढीलप्रमाणे’ म्हणून मुलगे, विधवा आणि बऱ्याचदा विवाहित लेकी सासरच्या नावानिशी येतात. त्याहून मोलाचे हक्कसोडपत्राचे फेरफार. बहिणींनी भावांच्या लाभात हक्क सोडला की दस्तात प्रत्येकीचे पूर्ण नाव, वय आणि राहण्याचे गाव येते. ज्या कागदाने बहिणीचा वाटा गेला त्याच कागदाने तिचा पत्ता राखून ठेवला. गाव नमुना सहा-क, म्हणजे वारस नोंदवही, हीही मागावी.

हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. फेरफाराची वही त्यानंतरची. तिच्या मागे जायचे तर कडईपत्रक, म्हणजे जमीनधारकांची जुनी नोंद, आणि रत्नागिरीतल्या खोती गावांत १८८० च्या खोती कायद्यानंतर झालेले बोटखत. त्यात खोत (गावचा सारा वसूल करणारा) कोण, धारेकरी (ठरीव सारा भरणारा जमीनधारक) कोण आणि कूळ कोण हे जमिनीच्या तुकड्यानिशी कळते. जन्ममृत्यूसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा: जन्मगाव, पालकाचे नाव आणि आधीची शाळा हे तिन्ही त्यात मिळते. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुने दप्तर मोठ्या प्रमाणावर उघडले गेले आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर पानांच्या प्रतिमा चढल्या. तालुका, गाव लावून त्या आधी बघाव्यात. कधीकधी खेप वाचते.

अर्ज बहुतेक वेळा फेटाळला जातो तो अर्जदाराच्याच चुकीने. ‘आमच्या घराण्याची जुनी कागदपत्रे द्यावीत’ असा अर्ज कुणालाच पुरा करता येत नाही. गाव, सर्व्हे नंबर व हिस्सा, कागदाचा प्रकार आणि अंदाजे सालांचा पट्टा, एवढे चार मुद्दे हवेतच. सर्व्हे नंबर बदललेला असेल तर आधी भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातून गुणाकार बुक किंवा फाळणीबारा या मोजणीच्या जुन्या कागदांच्या आधारे जुना नंबर काढावा. तालुकेही फुटले आहेत. दोडामार्ग सावंतवाडीतून निघाला, तळा माणगावातून. तेव्हा जुने रजिस्टर मूळ तालुक्याच्या कक्षात असू शकते. सिंधुदुर्ग जिल्हाच १९८१ चा, त्याआधी सगळे रत्नागिरी. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थाने होती आणि १९४८ ला विलीन झाली, म्हणून तिथल्या गावांचे जुने कागद शेजारच्या ब्रिटिश हद्दीतल्या गावांसारखे असतीलच असे नाही.

कागद हातात आला की तो वाचायचा कसा हा पुढचा प्रश्न. ‘राघो बिन भिकाजी’ म्हणजे भिकाजीचा राघो. ‘वलद’चाही अर्थ तोच. ‘कोम’ किंवा ‘मर्द’ आले की पुढचे नाव नवऱ्याचे. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता: वारस लहान आहे, आणि नाव लिहिलेला माणूस चुलता किंवा मामा असू शकतो, बाप नव्हे. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर; त्याच्या एकट्याच्या नावामागे चार भाऊ दडलेले असतात, आणि त्यांची नावे गावली नाहीत म्हणून ते निपुत्रिक गेले असे समजू नये. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषातला जानेवारीपासूनचा भाग, माघ आणि फाल्गुन यांना ७९. शके १८१२ चा माघ १८९१ मध्ये पडतो. फसली (जुने महसुली) साल असेल तर साधारण ५९० मिळवावेत.

मोडीचा बाऊ करू नये, पण अंदाजाने वाचूही नये. शब्द एकमेकांना चिकटलेले असतात, ऱ्हस्वदीर्घ पाळलेले नसते, त्यामुळे नवशिक्या माणूस एका नावाची दोन नावे करतो. एकच पान दोन वेगवेगळ्या जाणकारांकडून वाचून घ्यावे आणि जिथे वाचन जुळत नाही तिथे वहीत प्रश्नचिन्ह ठेवावे.

सगळ्यात जास्त वंशावळी बिघडतात त्या नावांच्या पुनरावृत्तीमुळे. आज्याचे नाव नातवाला ठेवायची रीत. मग भिकाजीचा राघो, राघोचा भिकाजी, भिकाजीचा पुन्हा राघो. दोन राघो एकच समजले की मधली अख्खी पिढी, तिच्या बहिणींसह, गळून पडते. यावर तपासणी सोपी आहे: प्रत्येक पिढीला पंचवीस-तीस वर्षे धरून अंदाजे जन्मसाल लिहावे. एखाद्याला पंच्याहत्तराव्या वर्षी पहिला मुलगा झालेला दिसला तर तिथे माणूस गाळलेला आहे. दुसरी गफलत दत्तकाची. दत्तक गेलेल्याचे बापाचे नाव बदलते, कधी आडनावही. त्याला दोन्ही घरांच्या फांद्यांवर लिहावे आणि मध्ये ‘दत्तक’ असे स्पष्ट नोंदवावे. घरजावयाचेही तसेच.

आडनावावर फार विसंबू नये. ‘कर’ लागलेले गाव हे बहुधा सोडलेले गाव असते. सावंत, परब, राणे यांच्यातल्या कित्येकांनी मुंबईत गिरणीच्या हजेरीपटावर गावाचे नाव लावले आणि सख्ख्या भावांची आडनावे दोन झाली. गावेही जुळी आहेत: मुरूड जंजिऱ्याचे की दापोलीचे, नांदगाव मुरूडजवळचे की कणकवलीचे, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. इथे कुलदैवत उपयोगी पडते. कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर, कोळिसऱ्याचा लक्ष्मीकेशव की गोव्यातली कवळ्याची शांतादुर्गा, यावरून शोधाची दिशा ठरते. गोव्याच्या देवस्थानांत महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या हक्कदार घराण्यांच्या, नोंदी आहेत. चित्पावनांतल्या बऱ्याच घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत. ते वापरावेत, पण जुन्या आवृत्त्यांत लेकींचा पत्ता नसतो हे लक्षात ठेवूनच. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्याने स्वतःच्या हाताने भाऊ, मुलगे, कधी बायकांची नावे लिहिलेली असतात. तिथे गाव आणि जुने आडनाव सांगावे लागते, मुंबईतले नाही.

ख्रिस्ती कुटुंबांना वेंगुर्ले, मालवण, सावंतवाडी पट्ट्यातल्या चर्चची बाप्तिस्मा आणि लग्नाची रजिस्टरे आहेत. त्यांत आईचे नाव येते, ही मोठी सोय. कोकणी मुसलमानांनी जमातीकडची निकाहाची नोंद बघावी. अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, लोकांची रोहेकर, पेणकर, नवगावकर ही आडनावे आजही गावे सांगतात, माणसे मात्र बरीचशी इस्रायलला गेली. समुद्रापार गेलेल्यांत कोकणी मुसलमान केपटाउनपर्यंत पोचले. मॉरिशसला गिरमिटावर गेलेल्यांच्या नोंदी तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत: क्रमांक, बापाचे नाव, वय, जात, गाव, जहाज. फक्त गावाचे नाव कारकुनाने कानाला आले तसे रोमनमध्ये लिहिले आहे. ते मोठ्याने वाचावे, डोळ्याने नाही.

आता नाजूक गोष्ट. मुंबईचा माणूस वंशावळ विचारू लागला की वाडीतल्या भाऊबंदाच्या मनात पहिला विचार जमिनीचा येतो. तो चुकीचाही नाही, कारण वारस तपासाला हीच वंशावळ लागते. म्हणून सातबारा हातात घेऊन कुणाच्या ओटीवर चढू नये. आधी घरातल्या ज्येष्ठाकडे जावे, हेतू सांगावा, आणि वंशावळीच्या वहीत सर्व्हे नंबर लिहूच नयेत. ते टिपण वेगळे. कच्ची वंशावळ चतुर्थीत मूळ घरी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावी. लपवाछपवी नाही म्हटल्यावर माणसे आपण होऊन ‘अरे, तिची धाकटी बहीण राहिली’ म्हणून सांगतात. सुतकाबद्दलही तेव्हाच विचारावे. दहा दिवस पाळणारी घरे सात पिढ्यांच्या आतली, तीन दिवस पाळणारी त्यापलीकडची. कागद नसला तरी हे माप बरेच खरे ठरते. देवाचा कौल लावून मूळपुरुष ठरवणारे असतात. श्रद्धेला हरकत नाही, पण वहीत तो ‘कौलाने’ असाच लिहावा.

संपर्क टिकवायला व्हॉट्सॲपचा गट पुरत नाही. सुप्रभाताच्या फुलांखाली मयताची बातमी बुडते. बातमीसाठी वेगळा गट असावा, त्यात घरामागे दोनच माणसे, आणि त्यातले एक लेकीच्या सासरचे. संदेशात पूर्ण नाव, कुणाचे कोण, तारीख आणि ठिकाण एवढेच. पत्त्यांची वही घरवार ठेवावी आणि दर चतुर्थीला एकाच माणसाने ती दुरुस्त करावी. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांच्या जुन्या वर्गणीच्या वह्या कपाटात पडून आहेत. त्यांत चाळ आणि खोली नंबरासह दोन-तीन पिढ्या सापडतात. जन्मतारखा आणि आधार क्रमांक गटावर टाकू नयेत.

जुन्या कागदांना लॅमिनेशन करू नये. आतली ओल कोंडते आणि पुन्हा ते सोडवता येत नाही. चिकटपट्टी तर नकोच, तिचा डाग पाच-दहा वर्षांत अक्षरे खातो. सुती कापडात बांधून, भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवावेत आणि पावसाळा सरल्यावर सावलीत उघडून वाळवी-कसर बघावी.

प्रशासनाकडे एकच मागणे आहे. कुठल्या गावाचे कुठले रजिस्टर कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत उपलब्ध आहे, याची गावनिहाय यादी प्रत्येक तहसीलच्या अभिलेख कक्षाबाहेर लावावी, आणि जे फाटले वा हरवले असेल त्यापुढे तसे लिहावे. चाकरमानी चार दिवसांच्या रजेवर येतो. ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर त्याला वर्षभर मागे टाकते. ही यादी गणपतीच्या आधी लागली तर यंदाच उपयोगी पडेल.

आपला,
एक निवृत्त अभिलेखपाल, राजापूर