गोष्टीखालचं तात्पर्य पुसून टाका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जून सरता सरता उघडतात, त्यामुळे सध्या आमच्याकडे वह्या-दप्तरं-रेनकोटची खरेदी जोरात आहे, आणि उन्हाळाभर गल्लोगल्ली जी संस्कार शिबिरं झाली त्यांचे फोटो अजूनही व्हॉट्सॲपवर फिरूनच राहिले. शिबिरात पोरांना सांगतात सगळ्यांशी प्रेमानं वागा, कोणाला हसू नका, दिव्यांगांना मदत करा. पोरं माना डोलावतात, सर्टिफिकेट घेतात अन् गेटाबाहेर आल्या आल्या चष्मेवाल्याला ‘ए ढापण्या’ म्हणून हाक मारतात. मी प्राथमिक शाळेत शिकवून रिटायर झाले, आता आम्ही तीन-चार जणी मानेवाड्याकडच्या एका बगिच्यात रविवारी सकाळी पोरांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवतो, म्हणून या विषयावर लिहावंसं वाटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की दुसऱ्याला समजून घेणं, सोबत घेणं हे लहान पोरांना शिकवायचं असेल तर चांगली चित्रांची पुस्तकं त्यांच्या हातात द्या, आणि मग मोठ्यांनी जरा तोंड बंद ठेवा. हे दुसरं जास्त अवघड जातं.

बाजारात ‘मूल्यशिक्षण’ असं छापलेली जी पुस्तकं मिळतात त्यांच्यात बहुतेक एकच गोष्ट फिरत असते. एक मुलगा असतो, त्याला चालता येत नाही नाहीतर दिसत नाही, सगळे त्याला चिडवतात, तो रडतो, मग एक दिवस तो काहीतरी भारी करून दाखवतो, कोणाचा जीव वाचवतो किंवा स्पर्धेत पहिला येतो, आणि मग सगळे त्याचे मित्र होतात. खाली जाड अक्षरात तात्पर्य. आता सांगा, यातून पोरगं काय उचलेल? हेच ना, की कुबडी घेऊन चालणाऱ्याला दोस्ती पाहिजे असेल तर त्यानं आधी मेडल आणावं. साधा, थोडा आळशी, मधून मधून भांडणारा, गणितात चाळीस मार्क घेणारा कुबडीवाला पोरगा दोस्तीला चालत नाही काय बाप्पा? बाकीच्या पोरांना तर आपण अशी अट घालत नाही. आणि ते शेवटचं तात्पर्य म्हणजे चांगलं जेवण झाल्यावर नाक दाबून पाजलेला काढा.

मागे आम्ही एक पुस्तक वाचत होतो, त्यात चाकाच्या खुर्चीतली मुलगी आहे, पण गोष्ट तिच्या खुर्चीची नाहीच, ती भावाच्या ताटातला पापड पळवते आणि मग घरभर पळापळी होते एवढंच. आमच्या पोट्ट्यांनी पापड बाजूला ठेवला आणि खुर्चीच धरून बसले. ‘हिच्या खुर्चीले ब्रेक राहते का?’ ‘उतारावर सुटली तं?’ ‘पावसात चाक फसत असन ना.’ मग एक जण म्हणाला, ‘आमच्या शाळेत रॅम्प आहे, पण त्याच्यावर सरायच्या गाड्या राहते.’ झालं, प्रत्येक जण आपापल्या शाळेतला, दवाखान्यातला, बँकेतला रॅम्प आठवून सांगायला लागला, कुठं कुंड्या ठेवल्या आहेत, कुठं उतार इतका खडा आहे की धडधाकट माणूसही घसरेल. आमच्यातल्या एकीनं ‘मग यातून आपण काय शिकलो’ म्हणायला तोंड उघडलंच होतं, मी डोळे वटारले. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेत, सोयीसुविधांबद्दलही भरपूर लिहिलंय, पण रॅम्पवरच्या गाड्या ज्यांना खटकायला पाहिजे त्यांना खटकत नाहीत आणि सात वर्षांच्या पोराला एका चित्रावरून खटकतात.

चित्रांच्या पुस्तकाचं आणखी एक आहे, ज्याला वाचता येत नाही तोही त्यात मागे पडत नाही. अक्षरांवर अडखळणारा पोरगा कोपऱ्यातलं मांजर सगळ्यात आधी शोधतो, छत्री कोणाची हरवली ते त्यालाच दिसतं, आणि फाडफाड वाचणारे हुशार पोरं मान वळवून त्याच्याकडे बघतात. भाषेचंही तेच. आपल्या नागपुरात एकाच वर्गात घरी मराठी बोलणारे, हिंदी बोलणारे, छत्तीसगढी, हलबी, गोंडी, तेलुगू बोलणारे असू शकतात, आणि बिनशब्दांचं पुस्तक उघडलं की ज्याला ज्या बोलीत सुचतं त्यात तो सांगतो, कोणी ‘शुद्ध बोल’ म्हणत नाही. निदान म्हणू नये.

चित्रं मात्र नीट पाहून घ्यावी लागतात. राक्षस काळा, परी गोरी, जाडा मुलगा खादाड, आई स्वयंपाकघरात, बाबा पेपरमागे, हे अजून छापून येतंच आहे. शब्द कितीही गोड असले तरी पोरगं आधी चित्रच पाहते.

कोणी म्हणेल, पुस्तकानं काय होते मॅडम, घरात दिसते तेच पोरं शिकतात. मान्य आहे. घरकामाला येणाऱ्या ताईंचा चहाचा कप ज्या घरात वेगळा ठेवलेला असतो तिथं समतेची शंभर पुस्तकं आणली तरी तो कपच जिंकणार. शिक्षण हक्क कायद्यानं, म्हणजे २००९ च्या, खाजगी शाळांत पहिल्या पायरीच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरातल्या मुलांसाठी ठेवल्या, त्यामुळे पोरं एका वर्गात आली, पण वाढदिवसाचं बोलावणं कोणाकोणाला जातं ते वर्गातल्या प्रत्येक लेकराला माहीत असतं. पुस्तकानं हे बदलेल असा माझा दावा नाही, पण मांडीवर पुस्तक असलं की पोरगं ते प्रश्न मोठ्यानं विचारते आणि आईबाबांना उत्तर द्यावं लागतं, एरवी हे विषय निघतच नाहीत.

आता पैशाचं. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला अनुदान असतं, प्राथमिकला ५,००० रुपये. रक्कम लहान आहे, पण नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका, प्रथम बुक्स, एकलव्य यांची पुस्तकं महाग नाहीत, एवढ्यात वर्गभर पुस्तकं येतात. मराठीत ज्योत्स्ना प्रकाशननं चित्रांच्या पुस्तकांचं फार चांगलं काम केलंय आणि माधुरी पुरंदरेंना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला तो उगाच नाही, त्यांच्या गोष्टींतली पोरं आपल्या शेजारची वाटतात. काहीच पैसे नसतील तर प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी पुस्तकं फुकट आहेत, डाउनलोड करून वर्गातल्या स्क्रीनवर लावता येतात.

खरी अडचण कपाटाच्या कुलपाची आहे. पुस्तक फाटलं तर साठा रजिस्टरचा हिशोब मुख्याध्यापकाच्या गळ्यात, म्हणून ते कपाटातच राहतं, वाचन प्रेरणा दिनाला १५ ऑक्टोबरला बाहेर येतं, फोटो निघतो, परत आत. शिक्षण विभागानं एक साधं पत्र काढावं की पहिली-दुसरीची पुस्तकं वापरून फाटली तर मुख्याध्यापकाला जबाबदार धरणार नाही, निर्लेखन, म्हणजे रजिस्टरमधून ते पुस्तक कमी करणं, सोपं राहील. फाटलेलं पुस्तक म्हणजे कोणीतरी वाचलं ना राजेहो.

आणि लोक पुस्तकं घेत नाहीत हे मला कोणी सांगू नये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर येऊन बघा, खेड्यापाड्यातून आलेली माणसं खिशातले मोजके पैसे काढून पुस्तकं नेतात, बाबासाहेबांची, बुद्धाची, संविधानाची. त्या गर्दीत लेकरंही असतात, त्यांच्या हाताला लागतील अशी मराठी चित्रांची पुस्तकं तिथं ढिगानं पाहिजेत, प्रकाशकांनी यंदा मनावर घ्यावं. तसंच तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार येतात तेव्हा बोजारा म्हणून दहा-वीसची नोट देतो आपण. आमच्या लाइनीतल्या काही घरांनी या वर्षी नोटेसोबत एक पातळ पुस्तक द्यायचं ठरवलंय, पोरं नाक मुरडतील पहिल्यांदा, मुरडू द्या.

तुमच्या पेपरात मुलांसाठी आठवड्याला जी जागा असते तिथं कोडी आणि चुटके छापता, त्यातली चार इंच जागा एका मराठी चित्रपुस्तकाच्या ओळखीला द्याल का? किंमत किती आणि मागवायचं कुठून एवढं तरी लिहा, कारण बर्डीवरच्या बाजारात तासभर हिंडूनही अंकलिपी आणि चकचकीत इंग्रजी पुस्तकांपलीकडे माझ्या हाती फारसं काही लागत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
मानेवाडा, नागपूर