सिरीचा हक्क आणि लोरचा हिशेब

महोदय,

व्हिडिओ गेममधल्या स्त्री पात्रांवरून होणाऱ्या वादावर आपल्या पुरवणीत लेख आला. ‘लोर’ची भाषा करणारे सगळे बायकांच्या विरोधात, असा त्याचा सूर होता. मी बाई आहे, लहानपणापासून गेम खेळते आणि लोर मला जीव की प्राण आहे. म्हणून हे पत्र.

लोर म्हणजे गेमच्या जगाची पूर्वपीठिका आणि तिथले कायदे. कोणती शक्ती कुणाला मिळते, तिची काय किंमत मोजावी लागते, हे त्यातून ठरतं. निर्मात्यांनीच ते सोयीने वाकवले, तर त्या जगात शेकडो तास घालवलेल्या माणसाला फसवल्यासारखं वाटणारच.

पण लोरच्या नावाने होणारी बरीचशी ओरड लोर न वाचताच होते. विचर म्हणजे शरीरात बदल घडवून तयार केलेले, राक्षसांची शिकार करणारे योद्धे. डिसेंबर २०२४मध्ये ‘द विचर ४’ या गेमची घोषणा झाली, आधीच्या गेमांचा नायक गेराल्ट याच्या जागी त्याची मानसकन्या सिरी आली आणि ‘बाई विचर कशी होईल’ असा गलका सुरू झाला. अहो, मूळ पोलिश पुस्तकांतच सिरी केअर मोर्हेनच्या किल्ल्यात विचरांच्या हाताखाली तलवार शिकते. २०१५च्या ‘विचर ३’च्या एका शेवटात गेराल्ट तिच्या हाती चांदीची तलवार देतो आणि ती विचरच्याच वाटेला लागते. हा हक्क तिला कालपरवा कुणी बहाल केलेला नाही.

१९८६च्या ‘मेट्रॉइड’चंही तेच. ठरावीक वेळेत गेम संपवला की चिलखतातला योद्धा शिरस्त्राण काढतो आणि ती सॅमस नावाची बाई निघते. तोवर इंग्रजी माहितीपुस्तिकेतही तिचा उल्लेख पुरुष म्हणूनच होता! पुरुष हे आपण गृहीत धरलेलं असतं. त्यालाच लोर म्हणून चालणार नाही.

निर्मातेही चुकतात, हे मात्र लेखात यायला हवं होतं. दुसऱ्या महायुद्धावरच्या २०१८च्या ‘बॅटलफील्ड ५’ या गेममध्ये नॉर्वेतला जड पाण्याचा (अणुसंशोधनात लागणाऱ्या पाण्याचा) कारखाना उद्ध्वस्त करण्याची कामगिरी सोल्वेग नावाच्या काल्पनिक मुलीला दिली. फेब्रुवारी १९४३मध्ये ती कामगिरी बर्फातून स्कीवर गेलेल्या नॉर्वेजियन कमांडोंनी प्रत्यक्षात केली होती. त्यांचं श्रेय का काढून घ्यायचं? त्याच युद्धात सोव्हिएत ५८८व्या रेजिमेंटच्या बायका लाकडी, दुपंखी विमानांतून रात्रीमागून रात्री बाँब टाकत होत्या. त्यांच्यावर अख्खा गेम होईल.

सिरीच्या बाबतीतही माझा एक प्रश्न आहे. ‘विचर ४’च्या घोषणेच्या ट्रेलरमध्ये ती विचरांचा काढा पिते आणि तिचे डोळे मांजरासारखे दिसतात. ‘विचर ३’मध्ये सिरी म्हणून खेळताना काढे वापरताच येत नव्हते. ते पचवण्याची ताकद आणि ते डोळे ‘ट्रायल ऑफ द ग्रासेस’ या विचर घडवणाऱ्या परीक्षेतून मिळतात. ती परीक्षा लहान मुलग्यांवर होई आणि त्यातले बहुतेक दगावत. मग मोठ्या वयाच्या सिरीने हे कसं मिळवलं? ती परीक्षा कुणी केली तिच्यावर, आणि तिने हो का म्हटलं? हे निर्मात्यांनी मुलाखतींत सांगून किंवा संवादाच्या एका ओळीत उरकून टाकू नये. तो प्रसंग मला सिरी म्हणून खेळायला मिळाला पाहिजे, वेदनेसकट.

आपली,
एक वाचक